आडवी टाकी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे, मुलं सांगतात, "बाबा, शांत राहा." मी राहतोही. पण एखाद्या लग्नाच्या पंगतीत कोणीतरी मोठ्या ऐटीत म्हणतं, "शाळेतलं ते गणित कधी लागलं का हो आयुष्यात?" आणि आजूबाजूची शिकलीसवरली माणसं हसून माना डोलावतात, तेव्हा माझा जिलबीवरचा हात थांबतो. न येणाऱ्या गोष्टीची लाज वाटावी, हे समजू शकतो. तिची मिरवणूक काढायची हे मला पटत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर मी फौजदार होतो. कागदोपत्री पोलीस उपनिरीक्षक, पण लोकांच्या तोंडी फौजदारच. मी मूळचा घाटावरचा, पदवीला गणित घेतलेला. पोलिसात भरती झालो तेव्हा प्रशिक्षण केंद्रातल्या उस्तादांनी ते ऐकून माझं नाव 'मास्तर' ठेवलं आणि ते नाव माझ्या आधी प्रत्येक ठाण्यात पोचत असे. वरिष्ठसुद्धा मला मास्तरच म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टिंगल जास्त होती. पोलिसाला काय, हजेरीपुरती बेरीज-वजाबाकी आली की झालं, अशी एकूण समजूत.

बुरोंडीपासून फार लांब नाही अशा एका मच्छीमार गावातली ही केस आहे. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. त्यांची मुलं-नातवंडं आज तिथेच नांदत आहेत.

त्या गावात मच्छीमारांची एक सोसायटी होती. होड्यांना इंजिनं आली आणि डिझेलची गरज पडू लागली, तेव्हा सोसायटीने धक्क्याजवळ जमिनीत एक मोठी टाकी पुरून घेतली. वर दिसायचं ते फक्त एक झाकण आणि तेल उपसायचा हातपंप. टाकीवर माणूस नेमला होता तो एके काळचा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. इंजिनाच्या पट्ट्यात उजव्या हाताची बोटं गेली म्हणून समुद्र सुटला, पण गाव त्यांना तांडेलच म्हणत राहिलं. मीही इथे तेच म्हणतो.

व्यवहार साधा होता. टँकरमधून आलेलं तेल मिळवायचं, होड्यांना दिलेलं वजा करायचं, आणि दर शनिवारी झाकण उघडून टाकीत काठी सोडायची. काठी जिथवर भिजली, तिथवर तेल. दोन्हींचा मेळ बसला की झालं. वर्षानुवर्षं तो बसत होता.

मग सोसायटीला नवे चेअरमन आले. मुंबईत एका कंपनीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढून गावी परतलेले गृहस्थ. पांढरा लेंगा, खिशाला दोन पेनं. मी त्यांना लबाड म्हणणार नाही, माणूस सरळ होता. पण शिस्तीचं त्यांना वेड होतं आणि गावात शिस्त नाही असं त्यांचं ठाम मत होतं. आल्या आल्या त्यांनी सगळं नवं केलं, त्यात काठीही नवी केली. आणि नव्या काठीचा पहिलाच हंगाम सुरू झाला तशी टाकीत तेल कमी भरू लागलं. थोडंथोडकं नाही, अडीच बॅरलांच्या आसपास.

पहिल्या हंगामात त्यांनी तांडेलांना सर्वांसमोर तंबी दिली. दुसऱ्या हंगामात तूट पुन्हा दिसली, तेव्हा ते ठाण्यात आले आणि रीतसर फिर्याद दिली. नोकराने केलेला विश्वासघात आणि अपहार, कलम चारशे आठ. मी गुन्हा नोंदवून तपास माझ्याकडेच ठेवला.

आमच्या धंद्यात तपास सुरू झाला की खबर आपोआप चालत येते. बाजारातला एक चहावाला माझा खबरी होता. तो सकाळीच ठाण्यात आला आणि म्हणाला, "साहेब, तांडेलाच्या परसात चला. झावळ्यांखाली बॅरलं लपवलेली आहेत."

दोन पंच घेऊन आम्ही गेलो. बॅरलं होती. तीन. झावळ्यांखाली होती आणि डिझेलचा वासही येत होता. हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू केस संपली. मी बॅरलं हलवून पाहिली. दोन रिकामी होती, आणि तिसऱ्याच्या पोटाला मोठं तोंड कापून ते आडवं ठेवलं होतं, त्यात माडांना घालायचं पाणी होतं. सोसायटीनेच टाकाऊ म्हणून वाटलेली बॅरलं ती, निम्म्या गावाच्या परसात तशी होती. झावळ्या घातल्या होत्या त्या पत्रा उन्हाने तापू नये म्हणून. खबर खरी होती, तिचा अर्थ खोटा होता. तरी पंचनामा करून बॅरलं मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणली, कारण नियम तो नियम.

मग चौकशी सुरू झाली. तांडेल रोज सकाळच्या एसटीने यायचे, बाकावर बसायचे, विचारलेल्याचं उत्तर द्यायचे. उंच, काळेसावळे, डोळे बारीक करून बघायची सवय. मी नाना तऱ्हेने विचारलं. तेल कोणाला दिलं, कुठून नेलं, कोणाच्या होडीत भरलं. उत्तर बदललं नाही.

"साहेब, मी तेल घेतलं नाय. तुमी मारलात तरी मी दुसरं काय सांगनार?"

हवालदार माझ्या कानाशी लागले. "साहेब, दोन ठेवून देऊ काय? तासाभरात पोपटासारखा बोलेल."

मी नको म्हटलं. मारून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही हे एक कारण होतंच. दुसरं म्हणजे माणूस मार टाळण्यासाठी काय वाटेल ते कबूल करतो आणि आपण खुळ्यासारखं ते खरं धरतो. हवालदार नाराज झाले. मास्तरांची पोलिसी अशीच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

तांडेलांबरोबर त्यांची बायकोही यायची. ठेंगणी, कासोटा घातलेली, आवाज खणखणीत. ती दारातल्या आंब्याखाली डबा घेऊन बसायची. आरोपीची बायको म्हटली की रडारड, पायाला हात, देवाची शपथ, हे मी खूप पाहिलं होतं. ही रडली नाही. उलट जाणाऱ्या-येणाऱ्या शिपायाला ऐकवायची, "चोर सापडला काय रे? नाय? मंग आमच्या मानसाला कशाला बसवून ठेवलात?"

चौथ्या-पाचव्या दिवशी चेअरमन ठाण्यात आले. हातात टाईप केलेला कागद.

"साहेब, मलाही या माणसाला तुरुंगात धाडायची हौस नाही," ते म्हणाले. "मी माफीनामा करून आणला आहे. लोभापायी तेल घेतलं, पुन्हा करणार नाही, एवढंच. त्याने सही करावी. रविवारी सभेत वाचून दाखवू आणि प्रकरण मिटवू. नाहीतर तुम्ही दोषारोपपत्र पाठवा. मग सोसायटीच्या जागेवरचं त्याचं घरही सोडावं लागेल, ते वेगळं."

सगळ्यांना हे सोयीचं होतं. हवालदारांना, चेअरमनना, माझ्या वरिष्ठांनाही. मी कागद तांडेलांपुढे ठेवला आणि तो वाचून दाखवला. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, त्या हाताला बोटं नव्हती. मला वाटलं, माणूस थकला, आता करणार सही. थकलाच होता. गावात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं, होडीवरून उतरताना मूठभर मासळी हातावर ठेवायची रीतही लोकांनी त्यांच्यापुरती बंद केली होती. ते डाव्या हाताचा अंगठा पुढे करणार, तोच दारातून आवाज आला.

"अंगठा नुको लावू. मी सांगतंय."

बाई कधी आत आली होती कोणास ठाऊक. ती चेअरमनसमोर जाऊन उभी राहिली.

"न केलेल्याची माफी मागायची, तर मंग केलेल्याची काय मागायची? जेलात गेला तरी चालंल मला. पन चोर म्हनून घरात बसलेला नवरा नुको."

चेअरमन लाल झाले. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या बाईचा अभिमान वाटला आणि माझाच राग आला. ही माणसं एवढी ताठ उभी आहेत आणि मी माफीनामे वाचून दाखवतोय. मी दार लावलं आणि तांडेलांना म्हटलं, "आता चोरीचं सोडा. मला टाकीचं सांगा. पहिल्यापासून."

ते म्हणाले, "जुनी काठी होती तवर कोन काय बोललं नाय. नवी काठी आली नि मी चोर झालो."

"जुनी काठी कशी होती?"

"कंपनीवाल्यांनी टाकीबरोबर दिलेली. तिच्यावरच्या खुना वेड्यावाकड्या. कुठं लांब, कुठं जवळ. चेअरमन बोलले, कुनी अडान्याने केलान ही. मंग सुताराकडून नवी करून घेतलान, सगळ्या खुना सारख्या. दिसायला झ्याक."

मला अजून काही कळलं नव्हतं. मी विचारलं, "तूट नेहमीच असते?"

"टाकी भरलेली असली की असते." मग ते जरा पुढे सरकले. "आनि येक सांगू? तुमी हसाल. पावसाच्या आधी होड्या वर ओढतात तवा आमी टाकी खाली आनतो, उगाच तेल ठेवायचं नाय म्हनून. त्या टायमाला काठी टाकली तर तेल वाढलेलं."

"वाढलेलं?"

"जास्त. हिशेबापेक्षा जास्त. चेअरमनांना मी सोताहून सांगितलं. ते बोलले, तंबी दिल्यावर घाबरून परत आनून ओतलंस."

मी बाहेर जाऊन चेअरमनना विचारलं. त्यांनी ते लगेच मान्य केलं, वर म्हणाले, "हाच तर पुरावा आहे साहेब. मनात पाप नसतं तर परत कशाला ओतलं असतं?"

आता माझी पोलिसात त्या वेळी बरीच वर्षं झाली होती. चोर मी भरपूर पाहिले. नारळ चोरणारे, बोकड चोरणारे, देवळातली घंटा चोरणारे. चोरलेला माल गुपचूप परत आणून ठेवणाराही एखादा भेटतो, नाही असं नाही. पण दर वेळी टाकी भरली की चोरायचं आणि टाकी रिकामी व्हायला आली की परत आणून ओतायचं, असा शिस्तीचा चोर मला ठाऊक नव्हता. एवढी शिस्त फक्त निसर्गात असते, नाहीतर गणितात. माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण हाताला लागेना. मी आत येऊन तांडेलांना विचारलं, "टाकी आहे कशी? चौकोनी?"

"ते कसं सांगू, आता जमिनीत हाय ना."

"आणली तेव्हा पाहिली असेल की."

पहिल्यांदाच तो माणूस हसला. "पाह्यली म्हंजे काय साहेब, गावच लोटलं होतं. लॉरी धक्क्यापर्यंत येईना, उतारावर आडकली. मंग आमी मानसांनी टाकी खाली उतरवली नि पिंपासारखी लोळवत नेली दर्यापतूर. पुढनं दोर लावून धरली होती, नायतर दर्यातच जानार होती. तशीच आडवी खड्ड्यात ढकलली."

लोळवत नेली. आडवी ढकलली. म्हणजे टाकी गोल होती आणि ती जमिनीत आडवी पडली होती. अख्ख्या गावाने ती हातांनी लोळवली होती, आणि वर माती पडल्यावर अख्खं गाव तिचा आकार विसरलं होतं. चेअरमन तर तेव्हा मुंबईत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे घराच्या गच्चीवरच्या चौकोनी टाकीचं चित्र होतं आणि काठी त्यांनी त्या टाकीची केली होती.

मी टेबलावरचा माफीनामा उलटा केला आणि त्याच्या पाठीमागे एक वर्तुळ काढलं. कित्येक वर्षांनी काढलं, पण हात विसरला नव्हता. वर्तुळाच्या उंचीचे चार सारखे भाग केले. कंस, कोन, त्रिकोण, वजाबाकी. वर्गात फळ्यापुढे उभं राहून केलेलं ते सगळं एका पोलीस ठाण्यात माझ्या पुढ्यात येऊन बसलं. उत्तर आलं: वरच्या पाव उंचीत पाव तेल मावतच नाही, साधारण पाचवा हिस्सा मावतं. म्हणजे होड्यांना टाकीच्या पाचव्या हिश्श्याएवढं तेल दिलं की पातळी पाव उंचीने खाली यायची, आणि चेअरमनची काठी ओरडायची, पाव तेल गेलं! मधला फरक टाकीच्या विसाव्या हिश्श्याएवढा. टाकी दहा हजार लिटरची, बॅरल दोनशे लिटरचं, किती होतो ते करून बघा. अडीच बॅरलं.

आणि निम्म्याखाली नेमकं उलट. तिथे काठी जास्त दाखवणार. तांडेलांनी थेंब चोरला नव्हता आणि थेंब परत ओतला नव्हता.

मी मोठ्याने हाक मारून हवालदारांना बोलावलं आणि त्यांना वर्तुळ समजावू लागलो. कंस म्हणताच त्यांचे डोळे विझले. तेवढ्यात बाई डबा घेऊन आत आली, नवऱ्याला जेवायला घालायला. डब्यात तांदळाची भाकरी होती, गोल, पांढरी. मी म्हटलं, "ताई, ही भाकरी मला जरा द्याल?"

ती चकित झाली, पण दिली. मी सुरी मागवली आणि भाकरीच्या सारख्या रुंदीच्या चार उभ्या पट्ट्या कापल्या.

"हवालदार, चार भाऊ जेवायला बसलेत. प्रत्येकाला एक पट्टी. पट्ट्या सारख्याच रुंद आहेत बघा. तुम्ही कुठली घेणार?"

"मधली," हवालदार क्षणात म्हणाले.

"का?"

"कडेच्या पट्टीत काय आहे साहेब? तिच्यात पोट कुठे भरतंय?"

"टाकी आडवी आहे, या भाकरीसारखी गोल आहे. काठीवर चार सारखे भाग केले म्हणजे तेल सारखं वाटलं असं होत नाही. वरची पट्टी कडेची आहे."

हवालदार भाकरीकडे बघत राहिले. मग तांडेलांकडे. मग हळूच म्हणाले, "आयला." तोच त्यांचा माझ्या पोलिसीला दिलेला पहिला मान.

बाईने नवऱ्याला विचारलं, "सुटलास काय रे?" तो म्हणाला, "अजून नाय. पन साहेबांना कळलं."

मला कळून भागणार नव्हतं. दुपारीच वरिष्ठांचा फोन आला. चेअरमनची वर ओळख होती आणि ती त्यांनी वापरली होती.

"मास्तर, तुम्ही पोलीस ठाणं चालवताय की शाळा? दोषारोपपत्र पाठवा आणि मोकळे व्हा. भूमिती कोर्टाला कळत नाही."

"कोर्टाला मी समजावीन साहेब."

"मी सांगतोय ना, पाठवा."

"तसा लेखी हुकूम द्या. डायरीत नोंद करून पाठवतो."

लेखी म्हटलं की आमच्या खात्यात भल्याभल्यांची शाई वाळते. फोन आपटल्याचा आवाज आला. बदली होणार हे मला तिथेच कळलं, आणि माझं जेवण त्या दिवशी चांगलं गेलं.

रविवारी सोसायटीची सभा होती. मी जीप काढली आणि मुद्देमालातलं ते पोट कापलेलं बॅरल मागे टाकलं. धक्क्यावर सगळे नाखवे म्हणजे होडीमालक, खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका जमल्या होत्या, माफीनामा ऐकायला. मी पंच निवडले आणि सांगितलं की आज वाचायचं काही नाही, बघायचं आहे. बॅरल वाळूत आडवं ठेवलं, हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जांभ्याचे चिरे लावले. एक कोरी काठी घेतली, एक डबा घेतला. गावातल्याच दोघांनी डबा भरून पाणी ओतायचं, आणि प्रत्येक डब्यानंतर पाणी जिथवर येईल तिथे काठीवर कोयत्याने खूण करायची. खूण मी करणार नाही, हवालदार करणार नाहीत. ती मी मुद्दाम चेअरमनना करायला लावली.

पहिल्या डब्याची खूण बरीच वर आली. दुसरी तिच्यापासून जवळ. मग आणखी जवळ. बॅरलच्या मध्यावर खुणा इतक्या जवळ आल्या की अंतर पहिल्याच्या निम्मंच राहिलं. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. मध्य ओलांडला आणि खुणा पुन्हा लांब लांब पडू लागल्या. डबा तोच, पाणी तेवढंच. चेअरमनचा कोयता प्रत्येक खुणेला हळू होत गेला. शेवटचा डबा ओतून झाल्यावर त्यांनी काठी वर काढली आणि धरून उभे राहिले. खाली लांब, मध्ये जवळ, वर लांब.

एक म्हातारा नाखवा पुढे झाला. काठी निरखून म्हणाला, "ही तर जुन्या काठीवानी झाली की रे."

"जुनी काठी आहे कुठे?" मी विचारलं.

कोणाला माहीत नव्हतं. टाकली असेल, जाळली असेल. तांडेल पहिल्यांदाच पुढे आले. त्यांनी बोटं नसलेला हात सोसायटीच्या पडवीकडे केला. पडवीला उन्हासाठी झावळ्यांचा मोठा झाप होता आणि तो वर उचलून धरायला खालून एक टेकू दिलेला होता. दीड वर्ष त्या टेकूखालून चेअरमन रोज आत जात-येत होते. हवालदारांनी टेकू ओढला. झाप धाडकन खाली आला आणि आतल्या चेअरमनच्या टेबलावर अंधार झाला. तो टेकू म्हणजेच जुनी काठी होती; ती वाळूत आणून आत्ताच खुणा केलेल्या काठीशेजारी ठेवली. मोठीच्या खुणा मोठ्या, छोटीच्या छोट्या, पण चाल एकच.

चेअरमन खाली बसले. माणूस सरळ होता म्हटलं ना, त्यांनी सबब सांगितली नाही. थोड्या वेळाने उठून तांडेलांपाशी गेले आणि त्यांचा हात धरून हळू आवाजात म्हणाले, "चूक झाली माझी. विसरून जा. उद्यापासून कामावर ये."

इथे प्रकरण संपलं असतं. तांडेल मान डोलावणारच होते. पण त्यांची बायको गर्दीतून पुढे आली.

"चेअरमन, आरोप करताना तुमचा आवाज पार बुरोंडीला ऐकू गेला. माफी कानात नुको. जितक्या मोठ्यानं चोर बोललात, तितक्याच मोठ्यानं बोला."

काही नाखव्यांना ते आवडलं नाही, बाईमाणसाने चारचौघांत असं बोलावं हे. मी मध्ये पडलो नाही. तपास अधिकाऱ्याचं काम तिथे संपलं होतं. चेअरमननी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि धक्क्याच्या दगडावर चढले. तांडेलांनी तेल घेतलं नाही, काठी आपण चुकीची करवली, दोष आपला आहे, असं तीन वाक्यांत आणि खरोखर मोठ्याने बोलले. मला त्यांच्याबद्दलही तेव्हा आदर वाटला आणि तो आजही आहे.

प्रयोगाचा पंचनामा जोडून मी कोर्टात 'क' समरी पाठवली, म्हणजे गैरसमजुतीतून दाखल झालेला गुन्हा. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वर्तुळाची आकृती दोनदा पाहिली आणि मंजूर केली. भूमिती कोर्टाला कळत होती. कळत नव्हती ती फोनवर. त्यानंतर लवकरच माझी बदली झाली. आडगावी झाली, मी गेलो. तिथेही लोक मला मास्तर म्हणू लागले, आणि पुढे कधी मी ते नाव नको म्हटलं नाही.

या केसने मला काय शिकवलं? चोरी शोधण्याआधी माप तपासावं, हे तर शिकवलंच. पुढे अपघातांत, बंदोबस्तांत, जमिनीच्या भांडणांत मी आधी विचारत असे, मोजलं कशाने? पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. गणित येत नसलं तर आपलंच नुकसान होतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. चेअरमनचं काय गेलं होतं? त्यांना वर्तुळ आठवलं नाही आणि चोर दुसराच ठरला. ज्याच्या हातात माप असतं त्याच्या अडाणीपणाची शिक्षा नेहमी दुसरा कोणीतरी भोगतो. म्हणून "गणित लागलं का हो कधी" असं कोणी हसत विचारलं की मी हसत नाही. त्याला म्हणतो, तुम्हाला लागलं नसेल. तुमच्या हाताखालच्या माणसाला विचारा.

त्या दिवशी धक्क्यावरून निघताना तांडेलांच्या बायकोने जीप थांबवली. केळीच्या पानावर भाकरी आणि सुक्या बांगड्याचं तिखट होतं. पोलिसाने असं काही घेऊ नये हे मी तिला सांगू लागलो. तिने ऐकलं नाही. तिने माझ्यासारख्याच भाकरीच्या चार पट्ट्या केल्या होत्या. कडेच्या दोन बाजूला सारल्या आणि पान माझ्यापुढे धरलं.

"मधली घेवा साहेब," ती म्हणाली. "कडंच्या आमी खूप दीस खाल्ल्या."

मी मधली घेतली.